पॅरा खेळ आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यातला शाळामास्तर, विषय शारीरिक शिक्षण. गेली काही वर्षं पॅरा अॅथलेटिक्सच्या स्पर्धांना टेप धरायला जातो. गोळा पडला की पडल्या जागी टेपचं शून्याचं टोक दाबून बसायचं आणि वर्तुळापाशी उभा असलेला पंच आकडा वाचतो. काम तेवढंच. पण टेप धरणाऱ्याला उन्हात बराच वेळ मोकळा मिळतो, आणि लोक येऊन प्रश्न विचारतात. मैदानाच्या कडेला, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे.

अपंग म्हणायचं, विकलांग म्हणायचं की दिव्यांग? एक काय ते सांगा.

एकच सांगता येत नाही. ‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सुचवला आणि त्यानंतर सरकारी कागदांवर तोच रुळला. महाराष्ट्रात २०२२ च्या अखेरीस स्वतंत्र खातं झालं, तेही दिव्यांग कल्याण विभाग याच नावानं. हक्कांसाठी झगडणाऱ्या अनेक संघटनांना मात्र हा शब्द तेव्हाही पटला नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ आहे: आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला खुर्ची चढवायला उतार द्या, लिफ्ट द्या, नोकरी द्या.

खेळाच्या मैदानावर हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे ‘पॅरा खेळाडू’ म्हणतात, आणि त्याहून जास्त वेळा ‘गोळावाला’, ‘भालावाली’, ‘टी ४७ चा चारशेवाला’ असं म्हणतात. नाव माहीत असेल तर नावानं हाक मारा.

लंगडा, थोटा, आंधळा हे शब्द माणसाला उद्देशून वापरू नयेत, हे बहुतेकांना आता कळतं. पण आपली भाषा त्यांनी भरलेली आहे. सरकार पांगळं असतं, समर्थन लंगडं असतं, न्याय आंधळा असतो. मी स्वतः वर्गात ‘आंधळं दळतं’ म्हणून गेलोय आणि पहिल्या बाकावर कमी दिसणारा मुलगा बसला होता. तो हसला, मी नाही. म्हणी बंद करा असं मी म्हणणार नाही. समोर कोण बसलंय तेवढं बघावं. आणि गंमत अशी की आपल्या मातीत एका पायावर खेळायचा अख्खा खेळ आहे, त्याचं नाव लंगडी, आणि त्यात एका पायाचं कुणाला वाईट वाटत नाही.

‘पॅरा’ म्हणजे पॅरालिसिसमधला पॅरा ना?

आता तसा अर्थ घेत नाहीत. ‘बरोबरीनं, समांतर’ या अर्थानं घेतात. सुरुवात मात्र खरोखरच पाठीच्या कण्याच्या रुग्णांपासून झाली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल नावाच्या गावी डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. ते सगळे युद्धात जखमी झालेले स्त्री-पुरुष. १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिंपिक झालं. भारत १९६८ मध्ये तेल अवीवला पहिल्यांदा उतरला.

मुरलीकांत पेटकर एवढे मोठे, मग आम्हाला शाळेत कुणी सांगितलं कसं नाही?

हा प्रश्न २०२४ पासून फार वाढला, कारण त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला. त्याआधी मी आठवीच्या वर्गात विचारायचो, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण कुणाचं? सगळी पोरं एका सुरात ‘अभिनव बिंद्रा, २००८’. ऑलिंपिकपुरतं उत्तर बरोबरच आहे. पण पेटकरांनी १९७२ मध्ये पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून ३७.३३ सेकंदांत सुवर्ण घेतलं, तेही विश्वविक्रमासह. वाळवा तालुक्यातल्या पेठचा माणूस. माझी शाळा तिथून फार लांब नाही. आणि मला स्वतःला हे चाळिशीत कळलं.

ते सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते, बॉक्सिंग खेळायचे. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, त्यातली एक मणक्यात राहिली. पोहणं सुरू झालं ते उपचारांचा भाग म्हणून.

आता त्या वर्षीची एक गोष्ट बघा. १९७२ चं ऑलिंपिक म्युनिकला होतं. पॅरालिंपिकही तिथेच व्हायला हरकत नव्हती. पण म्युनिकचं क्रीडाग्राम स्पर्धेनंतर खासगी घरं म्हणून विकायचं ठरलं होतं, त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंची सोय तिथे होईना. मग स्पर्धा हायडेलबर्गला गेली आणि ऑलिंपिकच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीला उरकली. म्युनिकहून भारत एक पदक घेऊन आला, हॉकीचं कांस्य. म्हणजे त्या वर्षी जर्मनीत भारताचं जे एकमेव सुवर्ण झालं ते पेटकरांचं, आणि आपण हॉकीचं कांस्य कमी पडलं म्हणून हळहळत बसलो.

ऐंशीच्या दशकात त्यांना अर्जुन पुरस्कार नाकारला गेला. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली. अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला, तेव्हा त्यांचं वय ८०. पदकानंतर बावन्न वर्षांनी.

लोक म्हणतात, उशिरा का होईना न्याय झाला. माझ्या मनात येतं ते वेगळं. पन्नास वर्षांत किती मास्तरांना हे उदाहरण हाताशी मिळालं असतं आणि किती पोरं तलावावर गेली असती!

पेपरात ‘अपंगत्वावर मात करत’ असं छापतात. त्यात चुकीचं काय? कौतुकच आहे की.

कौतुक आहे, पण कशाचं ते बघा. आपल्याकडच्या बातमीचा साचा ठरलेला आहे. पहिल्या वाक्यात ‘नियतीने घाला घातला’. दुसऱ्यात ‘मात्र तो खचला नाही’. मग ‘जिद्दीच्या जोरावर’, मग ‘धडधाकटांनाही लाजवेल अशी’, आणि शेवटच्या ओळीत, जागा उरली तर, किती मीटर टाकला ते.

सचिन खिलारीचं घ्या. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीच्या एफ ४६ गटात, म्हणजे हातात उणीव असलेल्यांच्या, त्यानं १६.३२ मीटर टाकला, आशियाई विक्रम केला आणि रौप्य घेतलं. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टनं १६.३८ टाकला आणि सुवर्ण नेलं. फरक सहा सेंटिमीटरचा. सहा सेंटिमीटर म्हणजे टेपवर माझ्या बोटाची लांबी. त्याआधी २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा तो जगज्जेता झाला होता. खेळाची बातमी म्हणून यात किती मसाला आहे! दोनदा जगज्जेता झालेला माणूस बोटभर अंतरानं सुवर्ण हुकतो. आणि दुसऱ्या दिवशी लोक माझ्याशी काय बोलले? ‘हाताला काय झालंय हो त्याच्या?’

‘मात’ हा शब्दच बघा ना. मात प्रतिस्पर्ध्यावर करायची असते. सचिनचा डावा हात पॅरिसला जाताना जसा होता तसाच परत आला. त्यानं मात केली ती अंतिम फेरीतल्या बाकीच्यांवर, आणि एकावर करता आली नाही.

‘धडधाकटांना लाजवेल’ हे मला त्याहून खटकतं. मी धडधाकट आहे, माझा गोळा नऊ मीटरच्या पुढे कधी गेला नाही, आणि मला याची अजिबात लाज वाटत नाही. मला सचिनसारखं टाकता येत नाही तसं नीरज चोप्रासारखंही टाकता येत नाही. नीरजच्या बातमीत ‘तमाम मास्तरांना लाजवेल असा थ्रो’ असं कुणी लिहितं का?

पण मला खरंच प्रेरणा मिळते. तेही चुकीचं?

नाही. खेळ बघून अंगावर काटा आला तर येऊ द्या. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग यांनी २०१४ मध्ये एका भाषणात हा मुद्दा फार चांगला मांडला होता. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर असत. त्यांची तक्रार अशी होती की आम्ही सकाळी उठून कामावर गेलो तरी लोक प्रेरणा घेतात, म्हणजे आमच्याकडून यांची अपेक्षा किती कमी असेल. तेव्हा कसोटी सोपी आहे. जी गोष्ट इतर कुणी केली असती तरी तुम्ही थक्क झाला असता, त्यानं थक्क व्हा. तिरंदाज शीतल देवी पायानं धनुष्य धरून, खांद्यानं दोरी ओढून पन्नास मीटरवर दहा मारते, थक्क व्हा की! ती जेवायला बसली म्हणून होऊ नका.

काही जण तर एकदम ठणठणीत दिसतात. खोटी सर्टिफिकेटं काढून खेळत असतील ना?

२०२४ मध्ये आपल्या राज्यातलं प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण गाजल्यापासून हा प्रश्न रोज येतो, आणि जरा कुजबुजत येतो. यात दोन कागदांची गल्लत होते.

एक म्हणजे सरकारी प्रमाणपत्र, ४० टक्के किंवा त्याहून जास्त, ज्यावर नोकरीतलं आरक्षण, एसटीची सवलत वगैरे मिळतं. दुसरं म्हणजे खेळातलं वर्गीकरण. त्याचा टक्क्यांशी संबंध नाही. वर्गीकरण करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ खेळाडूला तपासतात, स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल बघतात, आणि मग प्रत्यक्ष स्पर्धेत खेळताना बघतात. त्यांना एकच गोष्ट ठरवायची असते: या उणिवेमुळे या खेळात याचं किती अडतं? अॅथलेटिक्समध्ये ‘टी’ म्हणजे धावणं आणि उड्या, ‘एफ’ म्हणजे फेक. ११ ते १३ दृष्टीचे गट, २० बौद्धिक, तिशीतले मेंदूच्या पक्षाघाताचे, ४० आणि ४१ कमी उंचीचे, ४५ ते ४७ हाताचे, पन्नाशीतले बसून खेळणारे. पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. दुसऱ्या दिवशी कुस्तीतल्या वजनी गटांसारखं वाटायला लागतं. ५७ किलोचा मल्ल ९७ किलोवाल्याशी खेळला नाही म्हणून आपण त्याला कमी लेखत नाही.

लबाडी होते का? होते. २००० मध्ये सिडनीला स्पेनच्या बौद्धिक अक्षमता गटातल्या बास्केटबॉल संघानं सुवर्ण घेतलं आणि नंतर उघडकीला आलं की बारापैकी दहा जणांना तसली काही अक्षमताच नव्हती. त्याची शिक्षा कुणाला झाली? खऱ्या खेळाडूंना. तो गटच पॅरालिंपिकमधून काढला, तो २०१२ मध्ये लंडनला परत आला. आपल्याकडे टोकियोत विनोद कुमार यांनी थाळीफेकीत एफ ५२ गटात कांस्य मिळवलं होतं. हरकती आल्या, पुन्हा तपासणी झाली, ते त्या गटात बसत नाहीत असं ठरलं आणि पदक गेलं. म्हणजे तपासणारी माणसं आहेत आणि ती पदकं काढूनही घेतात.

पंगतीत बसून ‘चालतोय तर चांगला’ म्हणणाऱ्यानं मात्र यात पडू नये. गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेला माणूस फुल पँट घालून तुमच्या पुढून जाईल, तुम्हाला कळणारही नाही.

यांची स्पर्धा सोपी असते ना? मुळात खेळणारेच किती.

काही गटांत खेळाडू कमी असतात, हे खरं आहे, लपवून काय करायचं. गट एकत्र करावे लागतात, कधी कधी एखादा प्रकारच वगळला जातो. टोकियोत बॅडमिंटनमध्ये महिलांच्या एकेरीचा एसएल ३ गट (पायात उणीव असून उभं राहून खेळणाऱ्यांचा) नव्हता, म्हणून मुंबईत वाढलेली मानसी जोशी त्या गटात जगज्जेती असूनही एकेरी खेळू शकली नाही.

पण सोपी? २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकमध्ये १५०० मीटरच्या टी १३ गटात, म्हणजे अंशतः दिसणाऱ्यांच्या, अल्जीरियाचा अब्देललतीफ बाका ३ मिनिटं ४८.२९ सेकंदांत धावला. महिन्यापूर्वी त्याच शहरात ऑलिंपिकचं सुवर्ण ३:५०.०० ला गेलं होतं. ऑलिंपिकची ती शर्यत डावपेचांची होती, मुद्दाम हळू पळालेली, हे सांगणं भाग आहे. तरी पहिले चौघं त्या वेळेच्या आत आले. जर्मनीच्या मार्कुस रेमनं ब्लेड, म्हणजे खेळासाठीचा वाकडा कृत्रिम पाय, लावून ८.७२ मीटर लांब उडी मारली आहे. पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण ८.४८ ला गेलं. ब्लेडचा फायदा होतो का यावर शास्त्रज्ञ भांडतात, भांडू देत, पण ‘सोपी’ हा शब्द तिथे बसत नाही.

खात्री करायची असेल तर एक प्रयोग करा. आकडा पन्नाशीत असलेल्या गटांत खेळाडू लोखंडी बैठकीवर बसून गोळा टाकतात. गादी धरून बैठकीची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही. बैठक पट्ट्यांनी आणि साखळ्यांनी जमिनीला जखडतात, खेळाडूच्या मांड्या पट्ट्यांनी बैठकीला आवळतात, आणि बूड उचललं की फाऊल. सगळ्या फेकी एकापाठोपाठ एक टाकायच्या, कारण प्रत्येकाला पुन्हा पुन्हा बांधत बसायला वेळ नसतो. घरी स्टुलावर बसा, पाय बांधून घ्या, पाच किलोची तांदळाची पिशवी एका हातानं ढकला. मी करून बघितलंय. पिशवी माझ्याच पायावर पडली आणि हिनं वरून विचारलं, तांदूळ सांडले का?

ऑलिंपिकवाल्यांइतकंच बक्षीस यांना द्यायचं म्हणजे जरा जास्त होत नाही का?

नाही. पॅरिसनंतर केंद्र सरकारनं पॅरालिंपिकच्या वैयक्तिक पदकांना ७५, ५० आणि ३० लाख दिले, ऑलिंपिकला जेवढे तेवढेच. भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया २०१७ मध्ये खेलरत्न मिळवणारे पहिले पॅरा खेळाडू ठरले. वरच्या पातळीवर हा प्रश्न आता जवळजवळ मिटलाय. तो जिवंत आहे तो तालुक्यात, जिथे धावण्याची खुर्ची लाखांच्या घरात जाते आणि पोराचा बाप रोजंदारीवर असतो. बक्षीस जिंकल्यावर मिळतं. खुर्ची त्याच्या आधी लागते.

आता तर टीव्हीवर सगळीकडे तेच दिसतं. दुर्लक्ष होतं ही जुनी रड नाही का?

अर्धी जुनी आहे. रिओत भारताची पदकं ४ होती, टोकियोत १९, पॅरिसमध्ये २९. त्यातली सात सुवर्णं. त्यापूर्वी २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत १११. त्यात सुरगाणा तालुक्यातल्या दिलीप गावितचं ४०० मीटरचं सुवर्णही आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धा दिल्लीत भरली, भारतानं २२ पदकं घेतली. एवढी पदकं आल्यावर कॅमेरा वळणारच.

उरलेली अर्धी अशी. ऑगस्ट २०१९, स्वित्झर्लंडमधलं बासेल. पी. व्ही. सिंधू बॅडमिंटनची जगज्जेती झाली, देश नाचला, नाचायलाच हवं होतं. त्याच शहरात, त्याच दिवसांत, मानसी जोशीही जगज्जेती झाली होती. २०११ मध्ये रस्ता अपघातात तिचा डावा पाय गेला होता. तिचं नाव लोकांपर्यंत पोहोचायला काही दिवस जावे लागले, आणि ते पोहोचलं तेसुद्धा ‘अरे, हिच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही’ अशा हळहळीच्या स्वरूपात. म्हणजे बातमी झाली ती दुर्लक्षाची. स्मॅश कसा मारते, हालचाल कशी करते, अंतिम सामन्यात पारुल परमारला कसं हरवलं, हे वाचायला मिळालंच नाही.

आणि पॅरिसमधल्या नवदीप सिंगचं तुम्हाला काय आठवतं? भाला टाकल्यावरची आरोळी. तो व्हिडिओ माझ्याच फोनवर निदान वीसदा आला. अंतर ४७.३२ मीटर होतं, आणि आधी तो रौप्यावर होता, इराणचा खेळाडू अपात्र ठरल्यावर सुवर्ण मिळालं, हे सांगणारा मेसेज एकही आला नाही.

सत्काराला बोलवायचं आहे. काही विशेष काळजी?

हो. जिना.

एका गावात आम्ही गेलो होतो, नाव राहू द्या. मंडप मोठा, ढोल-ताशा, स्टेज पाच फूट उंच आणि वर जायला लाकडी शिडीसारख्या पायऱ्या. सत्कारमूर्ती चाकाच्या खुर्चीवर. कार्यकर्ते म्हणाले, ‘काळजीच करू नका ताई, आम्ही आहोत की!’ चौघांनी खुर्ची उचलली. एकाचा हात हातळीवर, एकाचा चाकावर. चाक फिरलं, खुर्ची मागे झुकली, तिनं पदर सावरायचा की दांडा धरायचा हे ठरवेपर्यंत फोटोग्राफरनं फोटो काढला. वर शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप. अध्यक्ष तासभर जिद्दीवर बोलले. उतरताना पुन्हा तेच. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, ‘सर, नारळ घरी देऊन टाका. पुढच्या वेळी स्टेज खाली घ्यायला सांगा.’

स्टेजची गरजच नसते. सगळे खाली बसा. किंवा एक फळी टाका, पण चढ सौम्य असू दे, घसरगुंडी नको. संडास कुठे आहे, दार किती रुंद आहे, हे आदल्या दिवशी बघून ठेवा. खुर्चीला विचारल्याशिवाय हात लावू नका, ती अंगाचाच भाग असते. दृष्टिहीन खेळाडूला दंडाला धरून ओढू नका, तुमचा कोपर पुढे करा, ते धरतील. आणि भाषणात अपघाताची तारीख सांगण्यापेक्षा सर्वोत्तम कामगिरीचा आकडा सांगा. तो खेळाडूलाच विचारा, सेंटिमीटरसकट सांगेल.

सैनिकांचं समजू शकतो. पण जन्मतःच असलेल्यांना…

वाक्य कुणी पुरं करत नाही, पण मला कळतं. आपल्याकडे सहानुभूतीलाही उतरंड आहे. सर्वांत वर सीमेवर जखमी झालेला जवान. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रातल्या जवानांकडे लोक आदरानं बघतात आणि ते योग्यच आहे. त्याखाली अपघातवाला. सगळ्यात खाली जन्मतः असलेला, कारण तिथे अजून ‘मागच्या जन्मीचं’ हा विचार दबा धरून बसलेला असतो. बौद्धिक अक्षमता असेल तर मग बघायलाच नको.

तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यातली दीप्ती जीवनजी पॅरिसला ४०० मीटर टी २० गटात कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी जपानमधल्या कोबेत जागतिक स्पर्धेत तिनं ५५.०७ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. गावातले लोक तिला काय काय म्हणायचे ते तिच्या आईवडिलांनी सांगितलं आहे. सोडून द्या असे सल्लेही मिळाले होते. पदकानंतर गाव बदललं. मला प्रश्न पडतो तो पदक न मिळालेल्या पोरींचा, आणि त्या जास्त आहेत.

हे खेळाडू मनानं फार निर्मळ असतात ना? देवाघरची फुलं…

एखादा असतो, एखादा नसतो. पंचाशी भांडतात, फाऊल दिला की शिव्या हासडतात, एकमेकांच्या प्रशिक्षकांबद्दल कुचकं बोलतात. टोकियोत सुवर्ण घेतलेल्या बॅडमिंटनपटू प्रमोद भगतला ठावठिकाणा कळवण्याचा उत्तेजकविरोधी नियम मोडल्याबद्दल १८ महिन्यांची बंदी आली आणि पॅरिस हुकलं. दक्षिण आफ्रिकेच्या, कृत्रिम पायांवर धावणाऱ्या ऑस्कर पिस्टोरियसला जगानं देव्हाऱ्यात बसवलं होतं, तो खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. फुलं म्हटलं की चूक करायची मुभा जाते आणि जबाबदारीही जाते. दोन्ही खेळाडूला हव्या असतात.

कर्णबधिर खेळाडू पॅरालिंपिकमध्ये का दिसत नाहीत?

त्यांची वेगळी स्पर्धा आहे, डेफलिंपिक्स. १९२४ पासून, म्हणजे पॅरालिंपिकच्याही आधीपासून. स्पेशल ऑलिंपिक्स ही तिसरी चळवळ, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी, १९६८ ला शिकागोत सुरू झाली. तिथे भाग घेण्यावर भर असतो. तिन्हींची खिचडी करू नका, विशेषतः बातमी देताना.

मुलीचा एक हात लहान आहे. खेळायचं म्हणते. सासूबाई म्हणतात, चारचौघांत कशाला दाखवायचं.

हा प्रश्न आया विचारतात, मुलगी लांब उभी असताना. उत्तर देण्याआधी मी मुलीलाच बोलावतो आणि तिला विचारतो, काय आवडतं? पळायला की फेकायला?

सासूबाईंना वाद घालून पटत नाही. त्यांना मैदानावर आणा. तिथे त्यांना तिच्यासारख्या वीस पोरी दिसतात, बिनबाह्यांच्या जर्सीत, हात न लपवता. एका आजी माझ्या शेजारी बसून दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, ‘तिसऱ्या लेनची पोरगी सुरुवातीला चुकली, नाहीतर आपली मागं पडली असती.’ पुढच्या वेळी त्या डबा घेऊन आल्या.

कागदांचं म्हणाल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढून ठेवा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा, आणि एफ की टी, कोणता गट, हे घाईनं स्वतः ठरवू नका. पॅरिसला गेलेल्या भारताच्या ८४ खेळाडूंत ३२ महिला होत्या. उद्घाटनाला तिरंगा घेऊन चालणाऱ्या दोघांत एक होती नांदेडची भाग्यश्री जाधव.

स्पर्धा बघायला यायचं आहे. तिथे कसं वागायचं?

या. प्रेक्षक म्हणून बहुतेक खेळाडूंचे घरचेच असतात, जागा भरपूर मिळते.

टोपी आणा, पाणी आणा. गोलबॉल (आवाज करणाऱ्या चेंडूनं खेळायचा दृष्टिहीनांचा खेळ) किंवा अंधांचा फुटबॉल असेल तर खेळ चालू असताना गप्प बसा, त्यांना चेंडूचा आवाज ऐकू यावा लागतो. गोल झाला की हवं तेवढं ओरडा. टी ११ च्या शर्यतीत शेजारी पळणारा गाईड असतो, दोघांच्या हातात एकच छोटी दोरी. रेषा खेळाडूनं आधी ओलांडायची, गाईडनं ओलांडली तर बाद. शेवटच्या दहा मीटरांत ते दोघं काय करतात ते बघा.

सगळ्यांना सारख्याच टाळ्या वाजवू नका. शेवटून आलेल्याला पहिल्याइतक्याच टाळ्या मिळाल्या की त्याला बरोबर कळतं, हे आपला खेळ बघत नाहीयेत. कमी पडला तर ‘अरे!’ म्हणा, चालतं. फाऊल झाला तर हळहळा.

गोळाफेकीला बसायचं असेल तर वर्तुळाच्या मागे जाळीजवळ बसू नका, तिथून गोळा कुठे पडला ते दिसत नाही. बाजूला बसा, दहा मीटरच्या पांढऱ्या रेषेच्या जरा पुढे. मी तिथेच असतो, टेपचं टोक दाबून. आकडा पंच ओरडून सांगतो, तरी ऐकू आला नाही तर मला विचारा.